पालथा धोटा

सिद्धाराम मंगरुळ्याला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज नव्हता म्हणून. सव्वीस वर्षं तो शुक्रवार पेठेतल्या या माडीवर भाड्यानं राहत होता. खाली माग, मागं माग, समोरच्या ओळीत एकाला एक चिकटून माग. उजाडलं की गल्ली खटाखट बोलायला लागायची आणि तो त्या बोलण्यात आणखी तासभर गाढ झोपायचा. पुण्याचा पाहुणा आला की सकाळी लाल डोळे घेऊन उठे आणि म्हणे, "अहो, इथं माणूस झोपतो कसा?" सिद्धारामला उलट पुण्यात झोप लागत नसे. आज खिडकीतून ऊन थेट पायावर आलं होतं आणि गल्ली गप्प होती. एरवी कधी कानावर न येणाऱ्या गोष्टी ऐकू येत होत्या. पत्र्यावर पारवा चालत होता, त्याची नखं वाजत होती. उशाशी ठेवलेलं घड्याळ दातात सुपारी धरल्यासारखं कडकड करत होतं. त्याला पहिल्यांदा वाटलं, आपले कान गेले. पंचावन्न म्हणजे काही कान जायचं वय नव्हे, पण पेन्शनीत निघालेल्या माणसाचं काय काय जाईल ते सांगता येत नाही. त्यानं उठून बसत टाळी वाजवली. टाळी नीट ऐकू आली. मग मात्र तो ताडकन उभा राहिला. कान शाबूत आहेत आणि माग बंद आहेत, म्हणजे गल्लीत कुणीतरी गेलं. सणाला माग थांबतात, पण तेव्हा सणाचा गलका असतो. अर्ध्या ताण्यावर, सकाळच्या पारी माग गप्प होतो तो एकाच कारणानं. मेलेल्याच्या मानासाठी गल्लीतलं प्रत्येक घर आडवं सूत नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पालथा ठेवतं आणि दिवस मावळेपर्यंत त्याला हात लावत नाही. सहा वर्षांपूर्वी समोरचा मल्लप्पा गेला तेव्हा अशीच शांतता होती. आता कोण? त्यानं कोट चढवला, बूट घातले, नाड्या न बांधताच जिना उतरला. त्याची बायको चंद्रव्वा चुलीपाशी होती, ती म्हणाली, "अहो, चहा तरी घ्या, आज तुमचा दिवस आहे." त्यानं ऐकलं नाही. आपला दिवस आहे, चार वाजता शाळेच्या आवारात आपला जाहीर सत्कार आहे, कलेक्टर येणार आहेत, हे सगळं त्या एका प्रश्नाखाली दबलं होतं.

समोरच्या उंबऱ्यावर नागव्वा बसली होती. मल्लप्पाची बायको. धनी गेल्यापासून मागाच्या खड्ड्यात तीच पाय सोडून बसे. आता बिनकामाचे हात मांडीवर टाकून तंबाखू चघळत होती.

"नागव्वा, कोण गेलं?"

नागव्वानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुटलेल्या नाड्या पाहिल्या. मग तोंडातली पिंक गटारीत टाकून शांतपणे म्हणाली, "तुमीच की, रावसाहेब."

"थट्टा पुरे."

"थट्टा कुटं? वकिलानं काल तुमी भाईर गेल्यावर दवंडी पिटली न्हवं का. रावसाहेबांच्या मानासाठी उद्या समद्या पेठंतलं माग बंद. हिंदुराव वकील मोटा मानूस. तेला काय ठावं, माग कुनासाठी बंद करत्यात! आमी इचारलं, 'कवापातूर?' म्हनला, 'सूर्यास्तापर्यंत.' मग तर काय, रीतीनंच झालं. समद्यांनी धोटं पालथं टाकलं आनि बसलो. आता तुमी आलासा, तर इचारते, रडायला कवा यायचं?"

पलीकडच्या दोन दारांतून बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मयत चालत आलंय बघ, बुटासकट." माडीच्या कठड्यावरून चंद्रव्वानं डोकावून सांगितलं, "नागव्वा, मी कुंकू लावून बसलेय हं, तेवढं ध्यानात ठेव!" आणि सगळी गल्ली पुन्हा हसली. सिद्धारामही हसला. हसता हसता त्याला आपल्या छातीत काहीतरी हललेलं जाणवलं, जुन्या लाकडात किडा हलावा तसं. आपण मेलेले आहोत आणि गल्ली आपल्यासाठी गप्प आहे. पालथ्या धोट्यांची ही शांतता खरी होती, तिच्यात खोट नव्हती. फक्त ती त्याला पेलत नव्हती. हिंदुराव वकील काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खादी घातली होती, मार्शल लॉच्या दिवसांत गांधीटोपी न काढता गल्लीबोळांतून फिरला होता, विणकरांवर दर वर्षी दोन भाषणं करत होता. फक्त विणकराच्या घरात तो कधी खाली बसला नव्हता. देशी उद्योगाचे असे कैवारी गावात पैशाला पासरी. कापडाचा अभिमान पुष्कळ, पण कापड होतं कसं हे बघायला खड्ड्यात वाकणार कोण, धोतर मळतं.

"बर्री, आत बर्री," नागव्वा उठली. "मेल्या मानसानं उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊ न्हाय."

आत अंधार होता, आणि त्या अंधाराला खळीचा, ओल्या सुताचा, मातीचा वास होता. त्या वासानं त्याला एकदम सव्वीस वर्षं मागं ढकललं. उद्योग खात्याचा नवा वीव्हिंग इन्स्पेक्टर, वय एकोणतीस, बैलगाडीत धावत्या धोट्याची सामग्री घालून याच पेठेत उतरला होता. हातानं इकडून तिकडं फेकायचा जुना धोटा टाका, दोरी ओढली की आपोआप धावणारा हा धोटा घ्या, दुप्पट कापड निघेल, असं सांगत तो दारोदार फिरला. विणकरांना वाटलं, सरकार मागावर पट्टी बसवायला आलंय. कुणी दार लावून घेतलं, कुणी आपला माग आहेच नाही असं सांगितलं, आणि आतून माग वाजत होता! मग देवळाच्या आवारात त्यानं जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. मामलेदार खुर्चीवर. सिद्धारामनं जोरानं दोरी ओढली आणि धोटा मागाच्या कडेच्या पेटीतून सुटून बाणासारखा गेला तो मामलेदाराच्या चहाच्या बशीत. महिनाभर पेठ त्यावर जगली. पोरंबाळंसुद्धा त्याला "धोटेसाहेब" म्हणायची. त्या हसणाऱ्या गर्दीत एकटा मल्लप्पा हसला नव्हता. तो मागापाशी येऊन पेटीत बोट घालून बघत राहिला होता. मग म्हणाला, "साहेब, ह्यो तुमचा धोटा पळतोय बेस. पर थांबायला कुनी शिकिवलं न्हाई तेला."

थांबायला कुणी शिकवलं नाही. बरोबर तिथंच अडत होतं. विलायती पुस्तकातली पेटी, तिकडच्या जाड सुतासाठी. इथल्या धोट्याला ती आपटून परत फेकायची, आडवा धागा तुटायचा, विणकर शिव्या घालून पुन्हा जुना धोटा हातात घ्यायचा. सिद्धारामनं चार महिने लाकूड बदललं, खिळे बदलले. एक दिवस तो याच घरात, याच अंधारात मल्लप्पाशी बोलत बसला होता आणि बूट बाहेर उंबऱ्यापाशी होते. बोलता बोलता मल्लप्पा उठून बाहेर गेला, आला, पेटीशी काहीतरी खुडबुड करत बसला. मग दोरी ओढली. धोटा धावला, पेटीत शिरला आणि थांबला. मांजर गादीवर बसतं तसा बसला. पुन्हा ओढली, पुन्हा बसला. आवाजच बदलला होता. आपटल्याचा खटाक गेला आणि त्याच्या जागी एक मऊ धप्प आला. सिद्धाराम आनंदानं ओरडला, मल्लप्पाला मिठी मारली, धावत बाहेर आला, बूट पायात घातला आणि बघतो तर उजव्या बुटाची आतली जीभ गायब. ती मल्लप्पानं रापीनं कापून पेटीच्या तोंडाशी लोंबत टांगली होती. "माजी वहाण कापनार हुतो," तो ओशाळून म्हणाला, "पर ती पाक झिजल्याली. सरकारी चामडं बेस हाय बघा." दिवसभर सिद्धाराम नाडी पायाला काचत पेठेतून फिरला होता, आणि त्या काचण्याइतकं सुख त्याला पुढं ना बढतीनं दिलं ना रावसाहेबकीनं.

"कूडरी," नागव्वानं बसायला घोंगडं टाकलं. "बघा, हितंच हाय ती अजून." तिनं पेटीवरची धूळ फुंकली. चामड्याची ती पट्टी तिथं होती, काळी, घासून गुळगुळीत झालेली, कडेला चांभाराच्या दोन टाक्यांची भोकं. त्यानं बोट लावलं. आपल्याच शरीराचा एक तुकडा दुसऱ्याच्या घरी इतकी वर्षं काम करत होता. ताण्यावर धोटा पालथा पडला होता, पोट खाली, पाठ वर. त्याला सरळ करावं म्हणून सिद्धारामचा हात आपोआप पुढं गेला, तर नागव्वानं त्या हातावर हलकेच चापट मारली. "मेलेल्यानं न्हाय हात लावायचा."

आणि मग त्यानं ते पाहिलं, खरं तर घरात शिरताना न बघायचं ठरवलेलं. भिंतीवर, सिद्धेश्वराच्या चित्राशेजारी, धुरानं पिवळा पडलेला एक छापील कागद खळीनं चिकटवला होता. उद्योग खात्याच्या इंग्रजी पत्रकाचं पान. पेटीचं, पट्टीचं रेखाचित्र. त्यानंच काढलेलं. ते वर पाठवताना एक छापील तक्ता भरावा लागला होता: सुधारणा करणाराचे नाव व हुद्दा. नाव लिहायला काहीच हरकत नव्हती. पण हुद्दा? मल्लप्पाला हुद्दा कुठला? तो दौत उघडी ठेवून तासभर त्या रकान्याकडं बघत बसला होता. वरचा साहेब विचारेल, हा कोण, याला कुणी विचारलं? कागद परत येईल, वर्ष जाईल, पट्टी राहील बाजूला. ही सगळी कारणं खरी होती. खऱ्या कारणांची हीच मोठी सोय असते, त्यांच्या पदराआड काहीही झाकता येतं. शेवटी त्यानं रकान्यात स्वतःचं नाव आणि स्वतःचा हुद्दा लिहिला. पत्रक छापून आलं, पट्टीला 'मंगरुळे पट्टी' नाव पडलं, ती खात्यानं गावोगाव धाडली, आणि त्या पट्टीवरून घसरत घसरत तो इन्स्पेक्टरचा सुपरिंटेंडेंट झाला. इतकंही चाललं असतं. मनानं त्याचा हिशेब कधीच मिटवला होता. पण पत्रक आलं त्या दिवशी तो उत्साहात ते घेऊन इथं आला होता, आणि मल्लप्पानं चित्रावर बोट फिरवत विचारलं होतं, "साहेब, ह्यात माजं नाव हाय?" आणि सिद्धाराम म्हणाला होता, "आहे की." दोन शब्द. बोलायला श्वाससुद्धा लागला नव्हता. मल्लप्पानं पान भिंतीला लावलं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, सोयऱ्याला, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला तो ते दाखवत राहिला: "सरकारच्या बुकात माजं नाव हाय." मरेपर्यंत.

"गेल्या म्हैन्यात वकील आल्ता," नागव्वा मागं उभी राहून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमच्या सत्काराला जुनं कागद गोळा कराय. तेनं भितीवरचं वाचून दाकिवलं. म्हनला, 'वा, मंगरुळे पट्टी! बघा बाई, किती मोटा मानूस तुमच्या घरी येतो.' मी इचारलं, 'खाली कुटं मल्लप्पा लिवलंय का बगा.' तेनं दोनदा वाचलं."

बाहेर पारवा अजून पत्र्यावर चालत होता. एवढ्या शांततेत माणसाला आपलं गिळणंसुद्धा ऐकू येतं, ते सिद्धारामला ऐकू आलं.

"मी खोटं बोललो होतो, नागव्वा."

"ते कळलं की."

"का नाही भांडलीस मग?"

"कुनासंगं? तुमी काय चोर न्हाई. तुमी सुताच्या रंगाची साळा आनलीसा, सोसायटी काडलीसा, माज्या बाळंतपनात टांगा आनलासा. तुमी भलं मानूस." तिनं 'भलं' असं काही म्हटलं की त्याला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मग ती खुदकन हसली, सगळ्या तोंडभर, पान-तंबाखूचे लाल दात दाखवून. "भलं हाय, पर आज मेल्यालं. आता दिवस मावळंपातूर तसंच ऱ्हावा. न्हायतर जित्तं व्हायचं आसंल, तर तितं मांडवात, कलेक्टरच्या म्होरं, माज्या धन्याचं नाव घ्या. तुमी घेतलंसा की माजा धोटा सुलटा. मग म्हनंना वकील काय बी."

चार वाजेपर्यंतचा वेळ त्यानं कसा काढला ते त्यालाच आठवलं नसतं. चंद्रव्वानं पगडी बांधून दिली, कोटाची बटणं लावून दिली, विचारलं, "भाषण पाठ झालं का?" भाषण हिंदुराव वकिलानं लिहून दिलं होतं, छापूनही ठेवलं होतं, म्हणजे पाठ व्हायला काही उरलं नव्हतं. त्यात 'माझ्या अल्प प्रयत्नांनी' असं सहा ठिकाणी होतं. सिद्धारामला दिवसभर एकच भीती होती आणि ती भलतीच होती. खरं बोलून अब्रू जाईल ही नव्हे. अब्रूचं काय, ती निवृत्त माणसाला पांघरायलाच लागते, कामाला लागत नाही. आपण उभं राहू आणि तोंडातून पुन्हा ते दोन शब्द निघतील, सहज, श्वासाशिवाय, याची ती भीती होती. सव्वीस वर्षं त्यानं फायलीत लिहिलं होतं: असे आढळून आले, असे निदर्शनास आले. कुणाला आढळलं, कुणी दाखवलं, हे कधीच नव्हतं. आता साठी जवळ आल्यावर माणसाला नावं घेता येतात का, कुणास ठाऊक.

मांडव झकास होता. शाळेचं आवार नागव्वाच्या परसाला लागूनच, मध्ये फक्त एक भिंत. मांडवाचं कापड कुठलं, हे सिद्धारामनं सवयीनं चिमटीत धरून पाहिलं आणि त्याला हसू आलं. जपानी होतं. त्याच कापडाखाली बसून हिंदुराव वकिलानं राष्ट्रीय उद्योगाच्या उद्धारावर अर्धा तास भाषण केलं. "आज संपूर्ण शुक्रवार पेठेनं," तो गहिवरून म्हणाला, "उत्स्फूर्तपणे आपले माग बंद ठेवून या कर्मवीराला मानवंदना दिली आहे! ऐका ही शांतता!" सगळ्यांनी ऐकली. कलेक्टरनं मान डोलावली. विणकर सगळे मागं, भिंतीला टेकून उभे होते, पुढच्या बाकांवर व्यापारी, वकील, मास्तर. विणकर आपसांत खुसखुसत होते, कुणी सुतक्यासारखा चेहरा करून दाखवत होता. भिंतीच्या कडेला बायकांत नागव्वा उभी होती, हाताची घडी घालून.

शाल अंगावर आली. गजरा नाकाशी आला. सिद्धाराम उभा राहिला, छापील भाषण उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मंगरुळे पट्टी माझी नाही. ती मल्लप्पा विणकरानं शोधली. राहणार शुक्रवार पेठ. विणकर हाच त्याचा हुद्दा. तक्त्यावर मी माझं नाव घातलं, आणि त्यानं विचारलं तेव्हा त्याचंच आहे म्हणून सांगितलं. मी खोटं बोललो."

मग पहिल्या बाकावरून टाळी पडली, दुसरी पडली, आणि सगळा मांडव टाळ्यांनी फुटला. हिंदुराव वकील उठून उभा राहिला, डोळे पुसत म्हणाला, "केवढा हा विनय! पाहा मंडळी, स्वतःचं श्रेय एका गरीब विणकराच्या पदरात टाकताहेत!"

"विनय नव्हे हो!" सिद्धाराम ओरडला. "खरं सांगतोय! माझा बूट कापला त्यानं! बुटाची जीभ!"

मांडव हसून लोटपोट झाला. रावसाहेब विनोदीही आहेत, हे कुणाला माहीत नव्हतं. कलेक्टरला शेजारच्यानं इंग्रजीत सांगितलं, तोही हसला. सिद्धाराम चिडला, टेबलावर मूठ आपटली, पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या. सव्वीस वर्षं खोटं चटकन पटलं होतं आणि आज खरं कुणी घेईना. तो घामाघूम होऊन खाली बसला. शाल अंगाला चिकटली. समोर फक्त हसरे, माना डोलावणारे, त्याच्यावर खूश असलेले चेहरे. आपण खरंच मेलो आहोत, त्याला वाटलं, मेलेल्याचं बोलणं असंच गोड मानून घेतात. त्यानं घाबरून भिंतीच्या कडेला पाहिलं. नागव्वा तिथं नव्हती.

हिंदुराव वकील मानपत्र वाचायला लागला. "सरकारी सेवेत राहूनही ज्यांनी देशी उद्योगाची ज्योत..."

खट्-धप्प.

भिंतीपलीकडून. एकच. वकील थांबला, खाकरला, पुन्हा "ज्योत" म्हणाला. खट्-धप्प. खट्-धप्प. चामड्यावर बसणारा तो आवाज पेठेतल्या हजार मागांतून सिद्धारामनं ओळखला असता. मागं भिंतीला टेकलेल्या विणकरांतला एक दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "उठला रे मुडदा!" आणि दोघे घराकडं पळाले. थोड्या वेळानं दुसरा माग बोलला, मग तिसरा, मग पूर्वेकडची आख्खी ओळ, आणि बघता बघता सगळी गल्ली खटाखट उसळली. मानपत्रातलं "अविरत परिश्रम" कुणालाही ऐकू आलं नाही. बायकांतून चंद्रव्वा पदर तोंडाला लावून हसत होती.

हिंदुराव लालबुंद झाला. "दवंडी दिली असताना हे... कोण आहे रे तिकडे? बंद करायला सांगा!" तो खुर्चीवरून निघाला, तेव्हा सिद्धारामनं त्याच्या कोटाचा घोळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बसा हो वकील," तो ओरडूनच म्हणाला, कारण आता ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. "वाचा तुम्ही, वाचा! मी ऐकतोय!"

वकिलाचे ओठ पुन्हा हलायला लागले. मंडळी माना डोलवायला लागली. आणि टेबलाच्या आड, कुणाला दिसणार नाही असे, सिद्धाराम मंगरुळ्याचे दोन्ही बूट आळीपाळीनं खालीवर व्हायला लागले, डावा, उजवा, डावा, उजवा, मागाच्या खड्ड्यातल्या पावट्या पायांनी दाबाव्या तसे.